पर्याय शून्य

अनेरच्या फरशीवर आम्ही तीन दिवस, तीन रात्री बसलो होतो,
बाभळीखाली टेबल, टेबलावर तक्ता,
तक्ता उडू नये म्हणून नदीतलाच एक गोटा.
रकाने : ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटारसायकल,
सायकल, पायी, इतर.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पहाटे ठेलाऱ्याचा कळप उतरला,
सुकलाल पावरा पेन्सिल थांबवून म्हणाला,
साहेब, एका मेंढीला एक रेघ, का कळपाला एक?
नियमावलीत उत्तर नव्हतं.
मी म्हटलं, कळपाला.
दोनशे मेंढ्या एका रेघेवरून पार झाल्या.

वर्षातले ऐंशी दिवस ही फरशी पाण्याखाली.
म्हणजे वळसा एकतीस किलोमीटर,
डिझेल, टायर, पाट्यांची झीज,
केळीचे घड काळे पडतात त्याची तूट,
सगळ्याला दर आहे.
माणसाच्या तासालाही आहे :
मोटारीतल्याचा जास्त, एसटीतल्याचा कमी,
डोक्यावर पाटी घेऊन कमरेइतक्या पाण्यातून येणारीचा
छापलेलाच नाही.
मी तिथे रोजाचा आठवा हिस्सा लिहिला.
पेन्सिलने.

तिसऱ्या दिवशी निंबाबाई कोळी थांबली,
वांग्यांची पाटी टेबलाला टेकवून.
‘काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?’
येणारे-जाणारे, म्हटलं.
‘मंग जो उनाच नई, त्याले कोठे लिखस?’
तिने उत्तराची वाट पाहिली नाही,
बाजार उठायच्या आत पोचायचं होतं.
सुकलालने तिला ‘पायी’त धरलं.
तिची लेक मात्र आठवीनंतर
कोणत्याच रकान्यात नव्हती.
हायस्कूल पलीकडे आहे. दिसतं इथून.

मग जळगावला, पंख्याखाली, पर्याय मांडले.
पर्याय एक : फरशी दीड मीटर उंच करणे.
पर्याय दोन : उंच पातळीचा पूल, आठ गाळे.
आणि या दोघांच्या वर, नेहमीच वर,
पर्याय शून्य : काहीच न करणे.
बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे असतात.
त्याला नकाशा लागत नाही, भूसंपादन लागत नाही,
खर्चाच्या रकान्यात आधीपासून टंकलेलं असतं :
निरंक.

बारा टक्क्यांनी मागे मागे आणलं
की पंचविसाव्या वर्षातला रुपया आज सहा पैसे भरतो.
निंबाबाईच्या नातीची नववी
मी तिथेच कुठेतरी धरली होती.

पुलाचं गुणोत्तर आलं शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
तायडे साहेब चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
नऊ शतांशच कमी आहेत,
वाहतुकीची वाढ पाचाऐवजी साडेसात धरा, बसेल.
बसलं असतं.
बोरीवरच्या एका पुलाचं मीच बसवलं होतं,
चौदा वर्षांपूर्वी, साडेसातने.
अजून त्याच्यावर लोक कडबा वाळवतात,
कठड्याला म्हैस बांधतात,
आणि मी तिकडून गेलो की
ड्रायव्हरशी उगाच हवापाण्याचं बोलतो.

म्हणून वाढीला हात लावला नाही.
एक्क्याण्णव ते एक्क्याण्णवच ठेवले.
फक्त पर्याय शून्यापुढचं ‘निरंक’ खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं : ‘मोजलेले नाही’,
आणि बाजूला सही.

फाइल एकविसाव्या दिवशी परत आली.
लाल शाईत शेरा :
निरंक आणि मोजलेले नाही, यांत फरक काय?
खुलासा सादर करावा.

सादर.
सोबत तक्ते नऊ, नकाशा एक,
आणि गोटा एक, अनेरचा.
तो पाठवायचा नव्हता,
पण कागद उडत होते.